पुदुच्चेरी : दोघांसाठी चार निवांत दिवस

संसाराच्या व्यापात पती-पत्नींमधील संभाषणाचे विषय हळूहळू मोजकेच उरतात. विजेचे देयक, मुलांचे शुल्क, आईवडिलांची औषधे, पाहुण्यांची ये-जा, गृहकर्जाचा हप्ता ही यादी रोज नव्याने सुरू होते आणि रात्री दिवा मालवेपर्यंत संपत नाही. एकमेकांशी बोलणे होते, पण एकमेकांविषयी बोलणे राहून जाते. अशा वेळी चार दिवस कुठेतरी दूर जावे हा विचार दोघांच्याही मनात डोकावतो. सहलही ठरते. मात्र बरेचदा असे घडते की घरातील धावपळ तेवढी बदलते आणि तिची जागा पर्यटनस्थळांची धावपळ घेते. चार दिवसांत चौदा ठिकाणे पाहून दांपत्य परतते ते अधिकच दमून. छायाचित्रांचा संग्रह मोठा होतो, निवांतपणाची शिल्लक मात्र शून्यच राहते.

निवांत सहलीच्या नियोजनाचे सूत्र म्हणूनच थोडे वेगळे आहे. काय काय पाहायचे हे ठरवण्याआधी कोणता वेळ मोकळा ठेवायचा हे ठरवावे लागते. या सूत्राला साजेसे शहर शोधायचे झाल्यास भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील पुदुच्चेरी, म्हणजेच पूर्वीची पाँडिचेरी, हे नाव प्राधान्याने पुढे येते. समुद्र, जुने शहर, उत्तम भोजन आणि शांत रस्ते हे सारे येथे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. पाहण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु सगळे पाहिलेच पाहिजे असा आग्रह हे शहर धरत नाही.

शहराचा स्वभाव

फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये येथे आपली वसाहत उभारण्यास प्रारंभ केला. पुढे १६९३ मध्ये डचांनी ती जिंकून घेतली आणि १६९९ मध्ये फ्रेंचांना ती परत मिळाली. शहराच्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांच्या रचनेचा पाया त्या डच कालखंडात घातला गेला असे मानले जाते. भारताला स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे येथे फ्रेंच अंमल होता. १ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रत्यक्ष कारभार भारताकडे आला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी कायदेशीर हस्तांतर पूर्ण झाले. २००६ मध्ये ‘पुदुच्चेरी’ हे नाव अधिकृतपणे स्वीकारण्यात आले.

हा इतिहास येथील रस्त्यांवर आजही दिसतो. एका कालव्याने जुन्या शहराचे दोन भाग केले आहेत. समुद्राच्या बाजूला पिवळ्या आणि पांढऱ्या भिंतींची, उंच दरवाजांची, बोगनवेलींनी झाकलेल्या कुंपणांची फ्रेंच वस्ती आहे. रू द्युमा, रू सुफ्रँ, रू रोमँ रोलाँ अशी रस्त्यांची नावे निळ्या फलकांवर वाचायला मिळतात. येथील पोलिसांच्या डोक्यावरील लाल टोपीही फ्रेंच धाटणीचीच आहे. कालव्याच्या पश्चिमेस तमिळ वस्ती आहे. तेथील जुन्या घरांपुढे ‘तिन्नै’ नावाचा ओटा असतो. वाटसरूने घटकाभर टेकावे म्हणून बांधलेला हा ओटा पाहताना मराठी मनाला आपल्या गावाकडील ओसरीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

शहराचे हृदय म्हणजे सुमारे दीड किलोमीटर लांबीचा समुद्रपथ. सायंकाळपासून सकाळपर्यंत येथे वाहनांना प्रवेश नसतो. त्या वेळी संपूर्ण रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. वाटेत महात्मा गांधींचा भव्य पुतळा, १८३६ मध्ये प्रज्वलित झालेले जुने दीपगृह आणि पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांचे १९३८ मधील स्मारक लागते. दोघांनी हातात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावे आणि तसेच परत यावे. पुदुच्चेरीतील सर्वांत मोठे आकर्षण हेच आहे आणि त्यासाठी तिकीट लागत नाही.

कधी जावे?

महाराष्ट्रातील पर्यटकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. येथील मुख्य पाऊस आपल्याप्रमाणे जून ते सप्टेंबर या काळात पडत नाही. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे तो प्रामुख्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडे आकाश निरभ्र असते, तेव्हा बंगालच्या उपसागरावर चक्रीवादळांचा काळ सुरू असतो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळच किनाऱ्यावर आले आणि अतिवृष्टीने शहराचे जनजीवन विस्कळीत झाले. या काळात जाणे भागच असेल तर रद्द करता येईल असे आरक्षण करावे आणि हवामान खात्याच्या सूचनांकडे लक्ष ठेवावे.

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सुखकर. एप्रिल ते जून उन्हाळा कडक असतो आणि दमट हवेमुळे तो अधिकच जाणवतो. वर्षअखेरीस आणि शनिवार-रविवारी चेन्नई व बंगळूर येथून येणाऱ्या पर्यटकांची मोठी गर्दी होते व निवासाचे दरही चढे असतात. शक्य असल्यास मंगळवारी पोहोचून शुक्रवारी दुपारी निघावे. खर्च कमी होतो आणि शहरही आपल्या मूळ लयीत भेटते.

कसे जावे, कोठे राहावे?

चेन्नईपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने जाऊन तेथून पूर्व किनारा मार्गाने सुमारे १५० किलोमीटरचा प्रवास करणे हा सोयीचा पर्याय आहे. मोटारीने साधारण तीन तास लागतात. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी विळुप्पुरम हे सुमारे ४० किलोमीटरवरील मोठे जंक्शन आहे. महाराष्ट्रातून रेल्वेने जाण्यास एका रात्रीहून अधिक काळ लागतो हे ध्यानात घेऊन रजेचा हिशेब करावा. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे फेब्रुवारीच्या सहलीचा निर्णय नोव्हेंबरअखेर पक्का झालेला असावा.

मुक्कामासाठी चार दिवस एकच जागा ठेवावी. दर रात्री नवे हॉटेल म्हणजे रोज सामान बांधणे आणि सोडणे. फ्रेंच वस्तीतील जुन्या वाड्यांमध्ये, मधल्या चौकाभोवती खोल्या असलेली लहान अतिथिगृहे आहेत. तमिळ वस्तीतही अशी घरे निगुतीने जतन केलेली आढळतात. ही निवासस्थाने समुद्रपथापासून पायी अंतरावर आहेत ना, एवढे पाहिले की रोजच्या वाहनाची चिंता मिटते. खोलीला स्वयंपाकघर जोडलेले असणे हा काहींना फायदा वाटतो. परंतु घरी रोज चूल सांभाळणाऱ्या गृहिणीच्या हाती सहलीतही झारा दिला, तर सुट्टी फक्त एकाचीच होते. सकाळचा नाश्ता मिळणारी जागा निवडणे हे म्हणूनच अधिक न्यायाचे.

चार दिवसांचा आराखडा

निघण्यापूर्वी एक साधा प्रयोग करून पाहावा. दोघांनी स्वतंत्र कागदांवर या सहलीत आपल्याला हव्या असलेल्या तीन गोष्टी आणि नको असलेली एक गोष्ट लिहावी. मग कागद शेजारी ठेवून वाचावेत. वर्षानुवर्षे एकाच छपराखाली राहूनही जोडीदाराचा कागद अनेकदा चकित करतो. ‘सकाळी उशिरापर्यंत झोप’, ‘कोणीही हाक न मारता पुस्तक वाचणे’, ‘एकत्र सूर्योदय’ अशा साध्या इच्छा त्यावर असतात. त्या पुऱ्या करण्यासाठी पैसा फारसा लागत नाही, पण त्या आधी कळाव्या लागतात. सहलीचा आराखडा या दोन कागदांवरून करावा. दिवसातून एकच ठरवलेली गोष्ट आणि उरलेला वेळ मोकळा, हा नियम दोघांनीही पाळावा.

पहिला दिवस पोहोचण्याचा. त्या दिवशी काहीही पाहण्याचा संकल्प करू नये. स्नान, विश्रांती आणि संध्याकाळी समुद्रपथावर एक फेरी एवढे पुरे.

दुसरा दिवस सूर्योदयापासून सुरू करता येईल. कोकणातील माणसाला समुद्रात बुडणारा सूर्य परिचित असतो. येथे तो समुद्रातून वर येतो. पहाटे धुसर क्षितिजावर प्रथम लालसर रेघ उमटते, मग मच्छीमारांच्या नौकांच्या काळ्या आकृती स्पष्ट होतात आणि बघता बघता पाण्यावर सोनेरी वाट पडते. त्यानंतर एखाद्या लहानशा खानावळीत गरम पोंगल, इडली आणि फिल्टर कॉफी घ्यावी, अथवा फ्रेंच पद्धतीच्या बेकरीत ताजे क्रोसाँ. सकाळी फ्रेंच वस्तीतील रस्त्यांवर नकाशाशिवाय हिंडावे. रस्ते सरळ असल्याने वाट चुकण्याची भीती नाही. भारती उद्यानातील वृक्षांच्या सावलीत थोडा वेळ बसावे. हे उद्यान महाकवी सुब्रह्मण्य भारती यांच्या नावाने ओळखले जाते. ब्रिटिश सरकारच्या रोषामुळे ते १९०८ पासून दहा वर्षे फ्रेंचांच्या या भूमीत आश्रयाला होते. दुपारी येथील अनेक दुकाने काही काळ बंद असतात. शहराची ही सवय पाहुण्यांनीही उचलावी आणि दुपार वामकुक्षीसाठी राखून ठेवावी.

तिसऱ्या दिवशी दोन पर्यायांपैकी एकाची निवड करावी. ज्यांना शांतता हवी त्यांनी सकाळी श्रीअरविंद आश्रमात जावे. ४ एप्रिल १९१० रोजी श्रीअरविंद येथे आले आणि १९५० मध्ये देहावसान होईपर्यंत येथेच राहिले. आश्रमाच्या अंगणातील समाधीभोवती लोक मौन पाळून बसलेले असतात. येथे दोघांनी काही न बोलता पंधरा मिनिटे शेजारी बसून पाहावे. त्यानंतर सुमारे दहा किलोमीटरवरील ऑरोविलला जाता येते. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी स्थापन झालेल्या या वसाहतीत १२४ राष्ट्रांमधून आणलेली माती एका कलशात ठेवण्यात आली होती. सोनेरी गोलाकार मातृमंदिर दुरून पाहण्याची सोय आहे. आतील ध्यानकक्षात बसण्यासाठी मात्र आगाऊ नोंदणी करावी लागते.

ज्यांना इतिहासाची ओढ आहे त्यांनी सुमारे ७० किलोमीटरवरील जिंजीचा किल्ला गाठावा. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांनी तो जिंकला आणि त्याची तटबंदी मजबूत केली. पुढे मराठी राज्यावर संकट कोसळले तेव्हा छत्रपती राजाराम महाराजांनी येथूनच राज्यकारभार चालविला आणि मोगलांच्या वेढ्याला अनेक वर्षे तोंड दिले. जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी महाराष्ट्राबाहेरील एकमेव किल्ला म्हणजे जिंजी. समुद्रपथावर गांधीजींच्या पुतळ्याभोवती उभे असलेले कोरीव दगडी खांबही जिंजीहूनच आणल्याचे सांगितले जाते. राजगिरीचा चढ मोठा आहे. सकाळी लवकर निघावे, पाणी व टोपी बरोबर ठेवावी आणि गुडघ्यांची तक्रार असल्यास पायथ्याशी असलेली कल्याण महालाची देखणी इमारत पाहून समाधान मानावे. जोडीदाराला शिखरापर्यंत ओढत नेणे हा निवांत सहलीचा हेतू नव्हे.

चौथ्या दिवशी परतीपूर्वी सकाळी दक्षिणेकडील चुन्नांबार येथे जाता येईल. तेथून नावेने खाडीतून पॅराडाइज बीचवर पोहोचता येते. ज्यांचा प्रवास दुपारी लवकर असेल त्यांनी तोही मोह टाळावा आणि समुद्रपथावर शेवटची कॉफी घ्यावी.

समुद्राविषयी दोन शब्द

पुदुच्चेरीचा समुद्र देखणा आहे, परंतु पोहण्यासाठी तो सुरक्षित मानू नये. येथील किनाऱ्यावर लाटांचा मारा जोरदार असतो आणि परतणारा प्रवाह कसलेल्या पोहणाऱ्यालाही आत ओढून नेऊ शकतो. गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये, सूचनाफलक व जीवरक्षकांचे सांगणे डावलू नये आणि छायाचित्रासाठी ओल्या खडकांवर चढू नये. अंधार पडल्यावर निर्मनुष्य किनाऱ्यावर थांबणेही टाळावे. रोमांच लाटांकडे पाहण्यातही असतो.

या किनाऱ्याची एक हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी समुद्रात बांध घालण्यात आले. किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येणारी वाळू त्यामुळे अडली आणि शहरासमोरचा वाळूचा किनारा हळूहळू नाहीसा झाला. उरले ते लाटा थोपविण्यासाठी टाकलेले काळे दगड. नव्या पिढीने येथे वाळू पाहिलीच नव्हती. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या योजनेनुसार २०१८ मध्ये समुद्रपथाच्या उत्तर भागात पाण्याखाली एक कृत्रिम अडसर बसविण्यात आला. लाटांचा जोर किनाऱ्यापूर्वीच काहीसा ओसरू लागला आणि तेथे वाळू पुन्हा साठू लागली. संध्याकाळी त्या वाळूवर बसलेली कुटुंबे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. रोजच्या लाटांचा जोर थोडा कमी केला, तर वाहून गेलेले पुष्कळ काही परत येऊन स्थिरावते. संसारालाही हे लागू पडावे.

खर्चाची तरतूद

सहलीचा आनंद परतल्यावर देयकांच्या रूपाने ओसरू नये, यासाठी पैशांची सोय आधी आणि सहल नंतर हा क्रम योग्य. बारा महिन्यांची आवर्ती ठेव हा यासाठी सोपा मार्ग आहे. दरमहा ₹ २,५०० बाजूला पडत गेले तर वर्षअखेर ₹ ३०,००० मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हप्ता आपोआप वळता होईल अशी स्थायी सूचना खात्याला दिली की विसरण्याचा प्रश्न उरत नाही. दोघेही कमावते असल्यास दोघांनी आपापला वाटा घालावा. एकट्याच्या खिशातून झालेल्या सहलीपेक्षा दोघांनी मिळून साठवलेल्या सहलीची गोडी निराळी असते.

जमलेल्या रकमेचे चार भाग करावेत : प्रवास, निवास, भोजन व स्थानिक फिरणे आणि राखीव निधी. एकूण रकमेचा किमान दहावा भाग राखीव ठेवावा. अचानक आजारपण आले किंवा गाडी चुकली तर हाच भाग कामी येतो, आणि तसे काहीच घडले नाही तर तोच पुढच्या वर्षीच्या ठेवीचा पहिला हप्ता होतो. क्रेडिट कार्डावर सहल करून त्यावर पुढे महिनोन्महिने व्याज भरत राहणे हे आर्थिकदृष्ट्या महाग आणि मनालाही जाचक आहे.

आरक्षण करताना सावधगिरी बाळगावी. प्रसिद्ध हॉटेलांच्या नावाने बनावट संकेतस्थळे व दूरध्वनी क्रमांक पसरवून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. शोधयंत्रावर दिसलेल्या पहिल्याच क्रमांकावर विश्वास ठेवू नये. एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात पैसे पाठविण्याचा आग्रह धरला जात असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीच द्यावा लागत नाही आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच आपल्या बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विलंब न लावल्यास रक्कम अडविली जाण्याची शक्यता वाढते.

निघण्यापूर्वी

घरी राहणाऱ्या ज्येष्ठांची औषधे, मुलांच्या शाळेचे वेळापत्रक, शेजाऱ्यांकडील किल्ली आणि आवश्यक दूरध्वनी क्रमांक यांची एक यादी दर्शनी जागी लावावी. घरी बोलण्यासाठी दिवसातील एक ठरावीक वेळ ठेवावी आणि उरलेल्या वेळी भ्रमणध्वनी शांत ठेवावा. कार्यालयातील सहकाऱ्याकडे कामे रीतसर सोपवली, तर समुद्रपथावर उभे राहून फायलींची चर्चा करण्याची वेळ येणार नाही. दोन सुती पोशाख, चालण्याची चप्पल, छत्री, नेहमीची औषधे आणि एखादे अर्धवट राहिलेले पुस्तक एवढे सामान पुरेसे आहे.

पती-पत्नींचे नाते हे आयुष्यातील सर्वांत दीर्घ मुदतीचे खाते होय. त्यातून रोज काही ना काही खर्च होत असते. त्यात वेळेची भर घालण्याचे दिवस मात्र वर्षातून मोजकेच येतात आणि तेही आधी राखून ठेवले तरच मिळतात. विवाहाला एक वर्ष झालेले असो वा चाळीस, येत्या वर्षाच्या दिनदर्शिकेवर अशा चार तारखांना आजच खूण करावी. आपल्या या सहलीस हार्दिक शुभेच्छा!